तीनदा सोडलेली जिम आणि मंगळागौरीची तालीम

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात बँकेत नोकरी करणाऱ्या एका 44 वर्षांच्या ताईंनी गेल्या काही वर्षांत तीनदा जिम लावली आणि तिन्ही वेळा दोन-अडीच महिन्यांत सोडली. उंची 157 सेंटिमीटर, वजन 66 किलो. नुकत्याच केलेल्या रक्ततपासणीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची सरासरी) 6.1 टक्के आलं, म्हणजे साखर मधुमेहाच्या बॉर्डरवर. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, ‘आत्ताच हातपाय हलवा’ एवढंच सांगितलं. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. त्या लिहितात, “जिमची वेळ जवळ आली की मला धडधडायला लागतं. सोसायटीतल्या बायकांबरोबर मंगळागौरीच्या खेळांची महिनाभर तालीम केली, तेवढीच काय ती एकही दिवस न चुकवता केली. पण तो काही व्यायाम नव्हे. आयुष्यभर टिकेल असं काहीतरी सांगा.”

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पंचविशीच्या खेळाडूंपासून सत्तरीच्या आजींपर्यंत सगळ्यांचे गुडघे-खांदे पाहत माझा दिवस जातो. तुमच्या पत्रातलं ‘तो काही व्यायाम नव्हे’ हे वाक्य मला सगळ्यात आधी खोडायचं आहे, कारण तुम्हाला काय टिकेल याचा पुरावा तुम्ही स्वतःच दिला आहे.

झिम्म्यात शरीर काय करतं ते बघा. दोन्ही पायांवर उडी, टाळी, गिरकी, बसून उठणं, पुन्हा उडी, आणि तोंडाने गाणं चालू. हृदयाचे ठोके चढतात, गाण्याचं कडवं संपून दुसरा खेळ सुरू होईपर्यंत उतरतात, पुन्हा चढतात. थांबून-थांबून केलेला हा दमाचा व्यायामच आहे. छोट्या उड्यांमुळे खुबा आणि पायाच्या हाडांवर हलके धक्के बसतात, आणि चाळिशीनंतरच्या हाडांना अशा धक्क्यांची गरज असते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी शेहेचाळिशीच्या सुमाराला थांबते, त्यानंतर हाडांची झीज वेगाने होते. म्हणजे तुम्ही अगदी योग्य वयात उड्या मारायला लागला आहात. फुगडीत समोरचीचा हात घट्ट धरून मागे झुकायचं आणि तोल सांभाळायचा, यात पंजाची पकड, पाठ, पोट आणि मांड्या एकदम कामाला लागतात. पैसे भरून मशीनवर याहून वेगळं काही मिळत नाही.

मग जिम का सुटली? तुम्ही स्वतःला आळशी समजत असाल तर तसं नाही. पँटेलिमॉन एकेकाकिस नावाचे संशोधक अनेक वर्षं एकच प्रश्न धरून बसले आहेत: व्यायाम चालू असताना माणसाला कसं वाटतं? त्यांच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी, की श्वास पुरेनासा होतो त्या पातळीच्या वर गेलं की जवळजवळ प्रत्येकालाच व्यायाम नकोसा वाटायला लागतो. त्या पातळीच्या खाली मात्र बहुतेकांना बरं वाटतं. सवय नसलेल्या माणसाची ती पातळी फार लवकर येते. पहिल्याच आठवड्यात ट्रेडमिलवर पळवलं, त्यावर बर्पी (खाली वाकून जोर आणि लगेच उडी) करून घेतल्या, की शरीर ‘इथे परत यायचं नाही’ हे पक्कं शिकतं. तुमची धडधड ही त्या शिकवणीची आठवण आहे, तुमच्या इच्छाशक्तीशी तिचा संबंध नाही.

म्हणून माझा पहिला नियम: पहिले तीन महिने बोलता येईल इतकाच दम लागू द्या. दोन-तीन वाक्यं सलग बोलता येतात पण गाणं म्हणायला गेलं तर अडखळतं, हा मध्यम व्यायाम. गाणं निवांत म्हणता येतंय तर वेग थोडा वाढवायला हरकत नाही. वाक्य अर्ध्यात तुटतंय तर कमी करा. मंगळागौरीत ही मोजणी आपोआप होते. गाणाऱ्यांचा दम संपला की खेळ मंदावतो, त्यामुळे तुम्ही नकळत योग्य पातळीवर राहिलात.

दुसरी बारीक गोष्ट शेवटाची. बहुतेक ठिकाणी सगळ्यात जड भाग शेवटी ठेवतात. एकेकाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली उलटं करून पाहिलं: व्यायामाचा जोर हळूहळू कमी करत नेला. एकूण मेहनत तेवढीच, पण ज्यांचा शेवट हलका झाला त्यांना तो व्यायाम जास्त आवडल्याचं आठवलं, पुढेही तो करावासा वाटला. तेव्हा पाच-सात मिनिटं अंग मोकळं करा, मग जड काम उरका, आणि शेवटची दहा मिनिटं अगदी सोपं काहीतरी ठेवा. सावकाश चालणं, गप्पा, एखादं लाडकं गाणं. घरी जाताना जी चव जिभेवर राहते तीच उद्या परत आणते.

आता वजन. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 26.8 येतो. आपल्या लोकांसाठी 23 च्या वर वजन जास्त आणि 25 च्या वर लठ्ठपणा असं धरतात, म्हणजे वजन थोडं उतरलं तर चांगलंच. पण मी तुम्हाला वजनकाट्यावर रोज चढू नका असं सांगणार आहे, आणि त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. साखरेची गोष्ट इथेच अडते, कारण जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. काट्याला हे दिसत नाही. दोन किलो चरबी गेली आणि दीड किलो स्नायू वाढला तर काटा फक्त अर्धा किलो उतरलेला दाखवेल आणि तुम्ही हिरमुसून सगळं सोडून द्याल.

चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी केलेला मधुमेह-प्रतिबंधाचा अभ्यास मी सगळ्यांना सांगते. तुमच्यासारख्याच, साखर बॉर्डरवर असलेल्या लोकांना तीन वर्षं पाहिलं. ज्यांनी चालणं-फिरणं वाढवलं आणि जेवण सुधारलं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्यांत ते 26.4 टक्क्यांनी कमी झालं. आणि जीवनशैली बदललेल्या त्या लोकांचं वजन म्हणावं असं उतरलंच नव्हतं. काटा न हलताही फायदा मिळतो, हे ज्याला ठाऊक आहे तो दुसऱ्या महिन्यात निराश होत नाही.

काहीतरी मोजल्याशिवाय चैन पडत नसेल तर तीन गोष्टी मोजा. बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर (बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा). तीस सेकंदांत हात छातीवर बांधून खुर्चीवरून किती वेळा उठता येतं तो आकडा. आणि ओळखीच्या एखाद्या चढावर मध्ये न थांबता कुठपर्यंत पोचता ते. पर्वतीच्या पायऱ्या जवळ असतील तर उत्तम. वर जाताना चढा, पण गुडघा शांत होईपर्यंत उतरताना कठडा धरून, एकेक पायरी, सावकाश.

गुडघ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेकांचा व्यायाम इथेच थांबतो. चढताना फारसं नाही पण उतरताना दुखतं, हे बहुधा गुडघ्याच्या वाटीमागे पडणाऱ्या ताणाचं लक्षण असतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत-लांबत सगळं वजन तोलून धरतो. तो आणि खुब्याचे बाजूचे स्नायू कमजोर असतील तर गुडघा आत झुकतो आणि भार वाटीवर येतो. अशा गुडघ्याला विश्रांती दिली तर चार दिवस बरं वाटतं, पण स्नायू आणखी ढिले होतात आणि दुखणं परत येतं. झिजलेल्या गुडघ्यालाही पहिला उपाय म्हणून आम्ही आज व्यायामच देतो. तेल, पट्टा, शेक हे सोबतीला चालेल, त्याच्या जागी नाही.

सुरुवात खुर्चीपासून करा. जेवणाच्या टेबलाची साधी, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दुखत असेल तर बैठकीवर एक उशी टाकून उंची वाढवा. दोन पावलांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. उठताना सहज उठा, बसताना मनात चार मोजत सावकाश बसा. खरं औषध त्या सावकाश बसण्यात आहे. आठ वेळा करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा आठ, पुन्हा थांबा, आणखी आठ. ‘अजून दोन झाल्या असत्या’ असं वाटत असतानाच थांबायचं. हे एक दिवसाआड. दहा-दहा सहज व्हायला लागल्या की उशी काढा. मग पोटाशी दोन किलोची तांदळाची पिशवी धरा, पुढे पाच किलोची.

त्याच्या जोडीला सेतुबंधासन, म्हणजे पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा वर-खाली. स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून तिरके जोर. दाराच्या कडीत रबरी पट्टा अडकवून तो छातीकडे ओढणं, कारण दिवसभर कॉम्प्युटरसमोर वाकलेल्या पाठीला ओढण्याचं काम लागतं. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. आठवड्यातून दोन दिवस एवढं झालं तरी जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलेलं ताकदीच्या व्यायामाचं किमान प्रमाण पूर्ण होतं.

दुखलं तर? शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर तीनपर्यंतचं दुखणं चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच्यापेक्षा जास्त असता कामा नये. जास्त असेल तर उशी परत आणा, व्यायाम बंद करू नका. फुगडीतली गिरकी सध्या हळू घ्या, बसफुगडी पुढच्या श्रावणापर्यंत राहू दे. पण खाली मांडी घालून बसणं पूर्ण सोडू नका. रोज एकदा, पलंगाचा आधार घेऊन का होईना, जमिनीवर बसा आणि उठा. खाली बसणं बंद केलेल्या बायकांना काही वर्षांनी कमोड आणि उंच खुर्चीशिवाय चालत नाही, हे मी फार जवळून पाहते, आणि त्यातलं पुष्कळसं टाळता येण्यासारखं असतं.

सूर्यनमस्काराबद्दल लोक हमखास विचारतात, म्हणून तेही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत ते रुजवले, आणि मला तो प्रकार मनापासून आवडतो. जागा लागत नाही, सामान लागत नाही, संपूर्ण अंग हलतं. तुम्ही चार घाला, श्वासाबरोबर. गुडघ्याखाली जाड सतरंजी. रथसप्तमीला 108 घालायचा संकल्प मात्र यंदा करू नका. अशा संकल्पानंतर आठवडाभर मनगटं आणि कंबर धरून बसलेली माणसं दरवर्षी माझ्याकडे येतात.

साखरेसाठी सगळ्यात स्वस्त आणि सोपी गोष्ट म्हणजे रात्रीची शतपावली, फक्त शंभर पावलांवर न थांबता दहा-पंधरा मिनिटं. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर ओढून घेतात. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली मधुमेहींवर हे तपासलं. दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर जास्त उतरली, आणि रात्रीच्या जेवणानंतर हा फरक सर्वांत ठळक होता. आपलं रात्रीचं जेवण उशिरा आणि भरपूर, त्यानंतर मालिका बघत सोफ्यावर. तेव्हा ताट ठेवलं की चपला घाला. घरातल्या कोणाला तरी सोबत घ्या, दिवसभर न झालेलं बोलणं तिथे होतं.

दहा हजार पावलांचं ओझं डोक्यावरून उतरवा. तो आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 साली, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र ‘दहा हजार पावलं’ या अर्थाच्या नावाने विक्रीला आलं आणि तो आकडा जगभर चिकटला. 2019 साली अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांवरचा आय-मिन ली यांचा अभ्यास आला. त्यात दिवसाला साधारण 4400 पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदरही 2700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी होता, आणि 7500 च्या आसपास फायदा स्थिरावला. तुमचं बँकेतलं चालणं तीन हजार असेल तर साडेचार हजारांवर नेणं हीच मोठी उडी आहे.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तुमच्यासाठी त्याची मांडणी मी अशी करेन: आठवड्यातून दोन संध्याकाळी मैत्रिणींबरोबर खेळांची तालीम, एक दिवसाआड खुर्चीचे व्यायाम, रोज रात्रीचं चालणं आणि रविवारी सकाळी टेकडी. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, जी घराजवळ असेल ती. जास्त वाटलं तर टेकडी सोडा, तालीम सोडू नका. बाकी सगळं तिच्या आधाराने चालणार आहे.

तालीम श्रावणापुरतीच का ठेवायची? अश्विनात भोंडला आहे, गरबा आहे. थंडीत गच्चीवर लेझीम काढा, कुठल्यातरी शाळेत धूळ खात पडलेल्या लेझमी नक्की मिळतील. उन्हाळ्यात कोणी पोहायला येत असेल तर गुडघ्याला त्याहून चांगलं काही नाही. एकच प्रकार बारा महिने केला पाहिजे असा नियम नाही, ऋतूप्रमाणे बदलत गेलात तर कंटाळाही येत नाही आणि शरीराच्या वेगवेगळ्या भागांना काम मिळतं. आळंदीहून पंढरपूरपर्यंत साधारण अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांत सत्तरी ओलांडलेले कितीतरी असतात. त्यांना कोणी व्यायामाचा तक्ता दिलेला नसतो. सोबत दिंडी असते, तोंडी अभंग असतो, ठरलेला विसावा असतो. आपल्या माणसांबरोबर, तालावर आणि मध्ये थांबत हालचाल केली की शरीर किती दूर जाऊ शकतं ते तिथे दिसतं.

जेवणाचं थोडक्यात. स्नायू बनवायचा तर प्रथिनं हवीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे तुम्हाला रोज सुमारे 55 ग्रॅम. पोळी-भाजी आणि पातळ वरणावर तेवढी होत नाहीत. दोन्ही जेवणांत मटकी, मूग, चवळी यांपैकी एक घट्ट उसळ, सोबत दही किंवा ताक, चालत असतील तर दोन अंडी किंवा मासळी, मधल्या वेळेला मूठभर शेंगदाणे. आधी उसळ-भाजी खा, पोळी-भात नंतर. आणि एक विनंती: वडापाव खाल्ला म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त चालायचं, हा हिशेब कधीही मांडू नका. खाल्ल्याची शिक्षा म्हणून व्यायाम केला की तो शिक्षाच वाटत राहतो. झोप सात तास हवी. ती कमी पडली की साखर आणि भूक दोन्ही बिघडतात, त्या दिवशी व्यायाम हलका ठेवा.

सवय 21 दिवसांत लागते असं सगळीकडे छापलेलं असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी 2009 साली हे प्रत्यक्ष मोजलं तेव्हा मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, आणि कोणाला 18 तर कोणाला 254 दिवस लागतील असा अंदाज आला. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फरक पडला नाही. तुमच्याकडे मार्चअखेर येणार, दिवाळी येणार, घरात कोणी आजारी पडणार. अशा दिवसांसाठी आत्ताच एक लहान व्यायाम ठरवून ठेवा: खुर्चीवरून आठ वेळा उठबस आणि जेवणानंतर दहा मिनिटं चालणं. वाईटातल्या वाईट आठवड्यातही एवढं होतं, आणि परत सुरुवात करताना पहिल्यापासून करावी लागत नाही.

सुरू करण्याआधी रक्तदाब तपासून घ्या आणि डॉक्टरांना काय करणार आहात ते सांगा. गुडघा सुजला, मध्येच अडकला, चालताना दगा देऊन वाकला किंवा रात्री झोपेतून उठवण्याइतका दुखला तर जवळच्या फिजिओथेरपिस्टला किंवा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. छातीत दडपण, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काही झालं तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे जा. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणून पुढची तपासणी तीन महिन्यांनीच करा, आधी नाही. त्याच आठवड्यात तीस सेकंदांची उठबसही पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा. सहा आठवडे नेमाने करूनही जिना उतरताना तेवढंच दुखत असेल तर समोर बसून तुमची चाल पाहिल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, तेव्हा प्रत्यक्ष दाखवा.